बावन्न पौंड

मेरिन ट्रेगास्किस,
तुझा चेहरा मला नीटसा आठवत नाही.
मी असायचो स्टँडखालच्या बिनखिडकीच्या खोलीत,
आणि तू दार अर्धंच उघडून रॅकेट आत सरकवायचीस,
वर तीन बोटं: तीन वाजता हवी.
ताण बावन्न पौंड, मजुरी अठरा.
उलट असतं तर माझं भाडं निघालं असतं,
असं मी दरवेळी म्हणायचो
आणि तू दरवेळी हसायचीस, जेमतेम.

तुझी तात मात्र मी अंधारात ओळखली असती.
बाकीच्या पोरींची मधोमध तुटायची, ताडकन,
जिथे दणका बसतो तिथे.
तुझी झिजायची.
खालच्या अंगाला, डावीकडे,
कुणी वर्षभर तिथं सुरी घासल्यासारखी.
तेव्हाच म्हटलं, ही बाई मारत नाही, कापते.

एकदा नॉटिंगहॅमला खेळ थांबला, ताडपत्री पसरली,
तू माझ्या खोक्यावर बसून चहा प्यालीस
आणि न विचारता सांगितलंस न्यूलिनचं:
मासळीबाजारामागे एकच कोर्ट, डांबरी, भेगाळलेलं,
मधली जाळी वडिलांनी फाटक्या ट्रॉलर-जाळ्यातून विणलेली,
उन्हाळ्यात तिला बांगड्याचा वास.
सर्व्हिसला चेंडू उंच फेकला
तर थेट बंदरात.
‘वर गेला तो वाऱ्याचा,
खाली राहिला तो तुझा,’ म्हणायचे ते.

म्हणून तुझा चेंडू कपाळाच्या वर वीतभर.
लंडनच्या प्रशिक्षकानं दोन हिवाळे घालवले
तो हातभर चढवायला.
अकरा वेळा पहिल्याच फेरीत घरी.
मग तू त्याला पत्र लिहिलंस, चार ओळींचं,
आणि पुन्हा वीतभर.

त्या जूनमध्ये ती सहावी मानांकित, खांबासारखी उंच,
आणि तुझा बॅकहँड गवतावरून सरपटत,
उसळायचं नावच नाही.
घोट्याशी वाकून वाकून तिची पाठ गेली म्हणतात.
मी पाहिलं नाही. मी खाली होतो.
पण डोक्यावरच्या फळ्यांतून आवाज यायचा:
तिचा ठप्प,
तुझा सर्र.
ठप्प. सर्र. ठप्प. सर्र.
आणि मग नुसताच सर्र, त्यानंतर काहीच नाही,
आणि मग पायांचा गडगडाट, छतावरची धूळ माझ्या चहात.

पुढच्या फेरीत हरलीस, सहा-एक, सहा-दोन.
वर्तमानपत्रांना दोन दिवस पुरलीस.

ग्लासगोत, छताखाली, तू कधीच जिंकली नाहीस.
वाराच नाही तिथे;
कुणाशी खेळायचं ते तुला कळायचं नाही.

क्रमवारी त्र्याण्णव, त्यापुढे कधी गेली नाही.
अकरा वर्षं ती पांढरी व्हॅन, मागे गादी,
इल्कली, सर्बिटन, पुन्हा नॉटिंगहॅम.
बावन्नाचे पन्नास झाले,
मग अठ्ठेचाळीस,
मग एका सकाळी नजर चुकवून, ‘चव्वेचाळीस कर.’
खांद्याचं तू कुणालाच सांगितलं नव्हतंस.
मला आकडा सांगून गेला.
मी हूं केलं, आणि यंत्र फिरवलं.

या मार्चमध्ये पार्सल आलं.
जुनी रॅकेट, पट्टी काळी पडलेली,
आणि बंदरातल्या कुठल्याशा पावतीच्या पाठीवर:
‘कापून टाक. मुलांसाठी चाळीसवर विण.
माझ्या हातून कापवत नाही.’

तात कापायची तर मधून सुरुवात करायची,
एक उभी, एक आडवी, बाहेर बाहेर जात,
नाहीतर ताण एका अंगाला उरतो
आणि चौकट पिळवटते.
चाळीस वर्षं हेच केलं, हात आपोआप चालतो.
चालला.
सातव्या धाग्याशी थांबला.

तिथे तात नव्हतीच.
निळी नायलॉनची दोरी, जाळ्याची,
तुटलेल्या दोन टोकांना गाठून घेतलेली.
कितव्या वर्षी, कुठल्या गावी,
कुणी बांधली, तू की त्यांनी,
आणि माझ्या नजरेतून सुटली कशी?

आमच्या धंद्यातल्या सगळ्या गाठी मला येतात.
ही येत नाही.
दुपारपासून चष्मा लावून बसलोय,
पाचला टपालवाला येईल.